वरधाव्यामागचं वऱ्हाड

कलबुर्गी
६ एप्रिल २०२४

तीर्थरूप अप्पांच्या चरणी दीपमालाचा सा. न. वि. वि.

काल दुपारी आईला फोन केला आणि विचारलं, माळेवाडीला जमीन हलली का. आई म्हणाली, कुठलं काय, फळीवरची दोन भांडी वाजली, मांजर असेल. अप्पा, आमच्या यंत्राला मांजर कळत नाही. तुमच्या गावापासून फार लांब नाही अशा जागी जमिनीखाली खडक तुटला, आणि त्याची रेघ मी इथं भूकंपमापन केंद्रात पडद्यावर माझ्या डोळ्यांनी पाहिली. मी आईला म्हटलं, अप्पांना विचार. ती तुमच्या कानाशी जे ओरडली ते मला फोनमधून ऐकू आलं, आणि तुमचं उत्तरही ऐकू आलं, की यंदा हरभऱ्याला भाव नाही.

म्हणून हे पत्र. फोनवर आपल्या दोघांत आई असते. मी सांगते एक, ती तुम्हाला सांगते दुसरं, आणि तुम्ही बोलता तिसरंच. मी आणून दिलेलं कानातलं यंत्र तांदळाच्या डब्यात पडलंय, हेही मला माहीत आहे. पत्र मात्र तुम्ही चष्मा लावून दोनदा वाचता, तेव्हा हेही वाचा.

खडक तुटला की तिथून लाटा निघतात. पहिली लाट पुढं ढकलत, मागं ओढत येते. मालगाडीला इंजिन जोडताना पहिल्या डब्याला बसलेला धक्का शेवटच्या डब्यापर्यंत जातो, तशी. ती सगळ्यात वेगानं पळते, आणि जमिनीतून गुडगुड ऐकू येते ती तिचीच. दुसरी लाट तिच्यासोबतच निघते पण मागं पडते. ती जमिनीला आडवं हलवते, विहिरीचा दोर हिसडल्यावर त्यातून नागमोडी वळण जातं तसं. भिंती पाडते ती ही दुसरी. या दोघी पोटातून येतात. त्यांच्या मागून जमिनीच्या पाठीवरून चालणाऱ्या आणखी लाटा येतात, सगळ्यात संथ, पण भूकंप मोठा असला तर सगळ्यात जास्त घुसळण त्याच करतात.

आता माझी काळजी सांगते. तुम्हाला ती गुडगुड ऐकू येणार नाही. आणि तुम्ही झोपता माळवदाखाली. तुळया, वर फळ्या, आणि त्यावर आजोबांच्या काळापासून दरवर्षी मृगाच्या आधी चढवलेली पांढरी माती. पाणी गळू नये म्हणून तुम्ही थरावर थर घालता, जुना थर कुणी काढत नाही. वर उभं राहून कधी बघितलंय का, किती माती झालीय ती? मांडीपर्यंत येईल. यंदा ती उतरवा, अप्पा, आणि वर पत्रा घाला. तोवर खळ्यावरच्या पत्र्याच्या शेडात झोपा.

आईला सांगा, मी वेळेवर जेवते. तिला खरं वाटणार नाही, तरी सांगा. तुमची माया आहे तशीच राहू द्या.

तुमची,
दीपमाला


माळेवाडी
१२ एप्रिल २०२४

चि. दीपमाला हिस अप्पाचे अ. उ. आ.

तुझं पत्र पोचलं. बसवंतप्पानं टपाल हातात दिलं अन् मी फोडून वाचेपर्यंत उंबऱ्यावरून हालला न्हाई. साऱ्या गावात बँकेची सोडून चिठ्ठी आता माझीच येते, त्याचं त्याला बी कौतुक हाय. त्याला चहा पाजला.

तू लिहिलंस ते खरं हाय. त्या दिशी दुपारी मी बाजेवर पडलो हुतो. पाठीला खालून कुणी बोटानं टोचावं तसं झालं. मला वाटलं हौशा बैल बाजेच्या पायाला शिंग घासायलाय. त्याला दोन शिव्या घातल्या. इतक्यात बाज आडवी हालली, तवा ध्यानात आलं. हौशाची माफी मागायची ऱ्हावून गेली.

तुझ्या लाटांचं मी तुझ्या आईला समजावून सांगितलं, ते असं. लग्नाचं वऱ्हाड शिवेवर आलं की नवऱ्याकडचा एक जण पुढं पळत गावात येतो, आलं आलं म्हणून वर्दी देतो. तो वरधावा. मी स्वतः तुझ्या मामाच्या लग्नात वरधावा हुतो, सायकलवर गेलतो अन् वाटंत कुत्रं लागलं हुतं. वरधावा एकटा, हलका, म्हणून जोरात येतो. तो काही मोडत न्हाई. मोडतंय ते मागून येणारं वऱ्हाड. अन् त्याच्या बी मागं बँडवाले अन् नाचणारे, सगळ्यात हळू चालणार अन् सगळ्यात जास्त धूळ उडवणार. तुझी पहिली लाट वरधावा, दुसरी वऱ्हाड, तिसरी नाचणारी. बराबर हाय का न्हाई? तुझी आई म्हणाली, या घरात वरधाव्याचं नाव निघालं ते बी भूकंपाच्या, लेकीच्या लग्नात कवा निघायचं. मी म्हणलो, मला ऐकू येत न्हाई.

आता माळवदाचं. कान नसंल गं, पाठ हाय माझी. वरधावा आला की मला कळतंय, अन् वऱ्हाड यायच्या आत मी बाहेर निघीन. मग माती कामून काढायची? उलट सांगतो, त्या हादऱ्यानं उगवतीच्या कोपऱ्यात माळवदाला चीर पडलीय. पाऊस आला की तिथून धार लागंल. नरसिंगला दोन गाड्या पांढरी आणायला सांगितलीय. चांगली भिजवून, धुम्मसानं बडवून घट्ट केली की चीर बुजतीय. घर जड असलं की हालत न्हाई, ही माझ्या बापाची शिकवण हाय.

अन् थंडावा इसरलीस काय? बाहेर ऊन रणरणतंय अन् माझ्या घरात अंगावर पांघरूण घ्यावं वाटतंय. तुझा दादा तानाजी पुढच्या आठवड्यात हैदराबादहून पिंकीला सुट्टीला सोडायलाय. माझी नात दुपारची पत्र्याखाली भाजायची व्हय?

एक इचारायचं हाय. जगाच्या पार पलीकडं जमीन हालली तर ते बी तुला कलबुर्गीत बसून कळतंय असं तू मागं म्हणली हुतीस. ते कसं, लिही.

आशीर्वाद हायतच, ते टपालाची वाट बघत बसत न्हाईत.

तुझा अप्पा,
श्रीपतराव

ता. क. दीपे, मी आई लिहिते. तुझ्या अप्पाला माळवदाचं काही बोलू नको बाई, चार दिस झाले जेवताना बी तेच काढायलेत. सांडगे करून ठेवले हायत, कोण येणारं असलं तर पाठवते. जेवतेस म्हणलीस ते काही मला पटलं न्हाई.


कलबुर्गी
१८ एप्रिल २०२४

तीर्थरूप अप्पांना दीपमालाचा सा. न. वि. वि.

तुमचा वरधावा मी केंद्रात सगळ्यांना सांगितला. आमचे रेवणसिद्धप्पा सर कन्नड माणूस, त्यांना आधी वरधावा समजावावा लागला आणि मग लाट. ते म्हणाले, इतकी वर्षं शिकवतोय, हे आपल्याला सुचलं नव्हतं. तेव्हा फुगून बसा दोन दिवस.

तुम्ही विचारलं त्याचं उत्तर आधी देते. पृथ्वीच्या पार पोटात, मध्याच्या भोवती, वितळलेल्या धातूचा मोठा थर आहे. पहिली लाट घट्ट खडकातून जाते तशी पातळातूनही जाते, थोडी वाकते, मंदावते, पण पोचते. दुसरी आडवं हलवणारी, आणि पातळ वस्तूला आडवं धरायला काही नसतं. म्हणून ती तिथं मरते. जगाच्या पलीकडच्या भूकंपाची पहिली लाट माझ्या पडद्यावर येते, पण सरळ पोटातून येणारी दुसरी येतच नाही. तुमच्या भाषेत, नदीला पूर आलाय, वरधावा पोहून अलीकडं आला आणि वऱ्हाड पलीकडं अडकलं. पृथ्वीच्या पोटात उतरून कुणी बघितलेलं नाही, अप्पा. वऱ्हाड आलं नाही, यावरूनच मधे पाणी आहे हे माणसानं ओळखलं.

आता तुमच्या हुशारीचं उत्तर. वरधावा आला की मी बाहेर निघेन म्हणता. पण वऱ्हाड लांबून आलं तरच वरधावा पुढं निघून जातो. सोयरीक गावातल्या गावात असली, शेजारच्या आळीतून वऱ्हाड निघालं, तर तो पुढं पळून पळणार किती? दोघं एकदमच दारात. खडक माळेवाडीच्या खालीच तुटला तर पाठीला टोचेपर्यंत भिंत हललेली असेल. हादरा कुठून येईल हे तुम्हाला माहीत नाही, मलाही नाही, सरांनाही नाही. ते आधी सांगणारं यंत्र जगात कुठंच नाही.

आणि जड घर हलत नाही, हे आजोबांचं म्हणणं वाऱ्यापावसाला खरं आहे. भूकंपाला ते उलटं होतं. भिंत वरचं वजन सरळ खाली पेलते, ती सवय तिला आहे. जमीन आडवी हलली की ते सगळं वजन भिंतीला आडवं ओढतं, आणि ते तिनं जन्मात कधी पेललेलं नाही. जितकी माती जास्त, तितकी ओढ जास्त. चीर हादऱ्यानं पडली म्हणून तुम्ही वर माती घालताय, म्हणजे पुढच्या हादऱ्यालाच बळ देताय. हे मी भांडायला लिहीत नाही. तरी भांडण वाटलं तर वाटू द्या.

नरसिंगकाकांना नको म्हणून सांगा. गाड्या आल्या असतील तर ती माती शेतात टाका.

पिंकीला माझा पापा. तुमचा हात डोक्यावर असावा.

तुमची,
दीपमाला


माळेवाडी
२४ एप्रिल २०२४

चि. दीपमाला हिस अ. उ. आ.

पत्र मिळालं. माती चढवली.

नरसिंग अन् मी दोघांनी मिळून चढवली, दोन्ही गाड्या. भिजवली, बडवली, वरून शेणाचा हात फिरवला. चीर आता हुडकून सापडत न्हाई. नरसिंग म्हणाला, अशी पांढरी चार गावांत मिळायची न्हाई.

तुझ्या जन्माच्या आधी किल्लारीला मी ट्रॅक्टरवर माणसं घेऊन गेलतो. काय बघितलं ते तुला सांगितलेलं न्हाई, सांगणार बी न्हाई. तिथल्या भिंती गोट्यांच्या अन् चिखलाच्या. आपली भिंत जांभ्याच्या चिऱ्याची हाय, चिरा चिऱ्यावर बसलाय. त्या भूकंपात आपल्या घराची खपली बी निघाली न्हाई. ह्याच माळवदाखाली माझा बाप जगला, म्हातारा होऊन मेला. ह्याच माळवदाखाली तू रांगलीस. आज तू पडद्यावर चार रेघा बघून मला सांगायलीस की माझा बाप चुकला.

शाळेत घातलं ते शिकायला घातलं हुतं, बापाला शिकवायला न्हाई. याच्यावर माळवदाचं पत्र आलं तर बसवंतप्पाला परत न्यायला सांगीन.

पाताळातल्या नदीचं लिहिलंस ते आवडलं. ते दोनदा वाचलं.

खुशाल ऱ्हा.

अप्पा


माळेवाडी
२७ एप्रिल २०२४

लाडकी दीपे, तुझ्या आईचा आशीर्वाद घे.

हे पत्र तुझ्या अप्पाला ठाव न्हाई. मल्लव्वाच्या अंगणात बसून लिहायलेय. आम्ही तिच्याकडं कुरडया घालायलोत, गावातल्या बायांचं सध्या तेच चाललंय. माझ्या लिहिण्याला हसू नको. सातवीनंतर पेन धरला तो पूजेच्या सामानाची यादी करायला.

अप्पाचं पत्र मी वाचलं, बसवंतप्पाच्या हातात जायच्या आधी. लई तोडून बोलले. तू मनाला लावून घेऊ नको. तुझं पत्र आल्यापसनं रोज माळवदावर चढतात अन् मातीत काठी खुपसून बघतात, किती जाडीय म्हणून. खाली आले की माझ्यावर डाफरतात. मला तेवढ्यावरनं कळतंय.

आता जे सांगायला बसले ते सांगते. परवा दुपारी पुन्हा जमीन हालली, लहानच. मी अंगणात हुते, गुडगुड ऐकली अन् जागीच बसले. तुझे अप्पा ओसरीवर दोर वळायलते. त्यांना पायाला कळलं. म्हणजे तुमचा तो वरधावा कळला. अन् कळल्याबरोबर माणूस बाहेर पळंल का न्हाई? हे आत पळाले! दावणीकडं. माळवदाच्या आतल्या अंगाला हौशा अन् पाखऱ्या बांधलेले असतात, त्यांचं दावं सोडायला. वऱ्हाड आलं तवा हे बैलाच्या गळ्याशी गाठ सोडत बसले हुते. मी ओरडले तर ऐकू कुठं येतंय. देव तारी त्याला कोण मारी, एवढंच.

म्हणून म्हणते, तू माळवदाचं सोड. बापाचं घर म्हणलं की त्यांना बापच दिसतो, माती दिसत न्हाई. बैलाचं लिही. पिंकी आलीय, दुपारची आज्याच्या कुशीत झोपते, आज्या तिला पाताळातल्या नदीची गोष्ट सांगतो. तू लिहिलेलीच, पण त्यात आता मगर आलीय.

जपून ऱ्हा, अन् भाकरी शिळी खाऊ नको.

तुझी आई,
सुमनबाई


कलबुर्गी
२ मे २०२४

तीर्थरूप अप्पांना दीपमालाचा सा. न. वि. वि.

माळवदाचं लिहीत नाही, तेव्हा बसवंतप्पाला परत पाठवू नका.

आजोबा चुकले असं मला म्हणायचं नव्हतं. त्यांनी पावसापासून घर राखलं आणि ते राखलं गेलं. माझं बोलणं लागलं असेल तर पोटात घाला.

आज एकच गोष्ट मागते. तुमच्या वरधाव्यात एक खोट आहे. लग्नघरी वरधावा आला की घरची माणसं काय करतात? आत पळतात. कुणी गूळपाणी आणायला, कुणी सतरंजी झटकायला, कुणी नवरीला उठवायला. आपल्या हाडात तेच मुरलंय, वर्दी आली की आत पळायचं. हा वरधावा तसा नाही, अप्पा. हा आला की हातातलं टाकायचं आणि जवळ जे माणूस असेल त्याला घेऊन बाहेर. बैलांकडं वळायचं नाही. हौशा तुमचा किती लाडका आहे ते मला माहीत आहे, त्याला मीही चारा घातलाय. तरी वळायचं नाही. दावं सोडायला लागतो तेवढाच वेळ वरधावा आणि वऱ्हाड यांच्या मधे असतो, आणि तो एकदाच मिळतो.

मी दिवसभर पडद्यासमोर बसते. रेघ हलली की इथली माणसं आधी बघतात हादरा किती मोठा, कुठला. मी आधी बघते तो माळेवाडीच्या बाजूचा आहे का. मला भीती वाटते, अप्पा. एवढंच लिहायचं होतं, ते लिहायला तीन पत्रं लागली.

पिंकीच्या गोष्टीत मगर कुठून आली ते कळवा. राग सोडा आणि माया ठेवा.

दीपमाला


कलबुर्गी
२० मे २०२४

तीर्थरूप अप्पांना दीपमालाचा सा. न. वि. वि.

हे पत्र कसं सुरू करावं कळत नाही.

परवा दुपारी रेघ आली तेव्हा मी पडद्यासमोरच होते. पहिली लाट दिसली आणि मी खुर्चीतून उठले. दुसरी आली ती पडद्यावर मावत नाही अशी. सरांनी मोठ्यानं जागा वाचली, माळेवाडीपासून दक्षिणेला, बरंच अंतर. म्हणजे तुमच्याकडं वरधावा आधी पोचला असणार, एवढं मनात आलं, आणि मग काही सुचेना. फोन लागत नव्हता. लागला तेव्हा आईनं उचलला, म्हणाली, सगळे आहोत, तू जेवलीस का. घराचं विचारलं तर म्हणाली, पिंकीला ताप नाही. अप्पांना दे म्हटलं तर तुम्ही फोन घेतला नाहीत. तानाजीदादा तिकडं पोचलाय, पण तोही म्हणतो, अप्पाच लिहितील.

मागचे हादरे अजून चालू आहेत. केंद्रात आम्ही तिघंच आहोत, सर सोडत नाहीत, आणि त्यांनी सोडलं तरी रेघ टाकून मला उठवत नाही. आईचा आवाज नीट होता, पण ती कधी सगळं सांगते? तुम्ही लिहा. जे झालं ते सगळं, काही न गाळता.

तुमची वाट बघणारी,
दीपमाला


माळेवाडी
२८ मे २०२४

चि. दीपमाला हिस अप्पाचे अ. उ. आ.

तुला लिहायला उशीर झाला. हात चालत न्हवता.

सगळं लिही म्हणलीस, म्हणून लिहितो. तुझी आई मल्लव्वाच्या अंगणात पापड वाळवायली हुती. मी बाजेवर, पिंकी माझ्या शेजारी, भिंतीच्या अंगाला. ती झोपली हुती, माझा डोळा लागायलता. पाठीला टोचलं. मागल्या दोन्ही बाऱ्यांपेक्षा जोरात टोचलं, अन् मला कळलं की वरधावा आलाय.

खोटं कशाला सांगू, पाय दावणीकडंच वळले. साठ वर्षं बैलात गेली, पाय माझं ऐकत न्हाईत, बैलाचं ऐकतात. एक पाऊल टाकलं बी. अन् तुझं ते आठवलं, आत पळायचं न्हाई. फोनवर मला तुझा आवाज कवा येत न्हाई, त्या दिशी आला. वळलो, पिंकीला गाठोड्यावानी उचललं अन् उंबरा ओलांडला. अंगणात चार पावलं टाकली असतील नसतील, तोवर वऱ्हाड आलं. मला उभं ऱ्हावलं न्हाई. पोरीला पोटाखाली घेऊन मी खाली बसलो. मागून नाचणारे आले, तवा जमीन हातांखालून वर खाली व्हायली.

धूळ बसल्यावर बघितलं. भिंती उभ्या हायत, उगवतीची सोडून. जांभ्याचा चिरा खरंच दगा देत न्हाई. पण मधल्या खणाच्या तुळया मोडून सगळं माळवद खाली आलं हुतं. आमची बाज हुती तिथं. दावण हुती तिथं. बाजेचा एक पाय तेवढा मातीतून वर दिसायलता. आजूबाजूच्या घरांस्नी चिरा पडल्यात, एक दोन पडवी बसल्यात, पण गावात घर खचलं ते माझंच एक. मी अन् नरसिंगनं दोन गाड्या चढवल्या हुत्या तेच. नरसिंग आला अन् बघून ओट्यावर बसून रडायला लागला. मी त्याला म्हणलो, तुझं काय चुकलं, माती मी सांगितली हुती.

पाखऱ्या दावं तोडून निघाला, त्याच्या पायाला लागलंय, बरा होईल. हौशाला त्याच्या जागेवरच तुळई लागली. गावानं माती उपसली. मी कुणाला हात लावू दिला न्हाई, त्याच्या गळ्यातलं दावं मीच सोडलं. गाठ ओढून घट्ट झाली हुती, सुटता सुटंना. त्याला शेतात बांधाच्या कडंला पुरला. त्या दिशी शिवी घातली हुती, माफी मागायची ऱ्हावून गेली हुती. आता मागितली.

बैल गेला अन् झोपा केला, असं म्हणतात ते माझ्यासाठीच केलेलं हाय. राहिलेल्या दोन खणांची माती उतरवायला घेतलीय. वऱ्हाड पुढल्या बारीला शेजारच्या आळीतून बी निघंल, हे तू लिहिलेलं आता कळलं. तानाजी अन् नरसिंग टोपल्या खाली देतात, मी गाडी भरतो. थराथराचा रंग निराळा हाय. सगळ्यात खालचा माझ्या बापाच्या हातचा, अजून दगडासारखा घट्ट. तो बी काढायलोय. ती सगळी पांढरी हौशाच्या बांधाला नेऊन टाकायलोय. माझ्या बापाला काय वाटलं असतं ते मी इचारलं न्हाई कुणाला. नात जिती हाय, ते बघितलं असतं तर त्यानंच पहिली टोपली उचलली असती.

तू माझी लेक हायेस हे मला ठाव हुतं. तू काय शिकलीस ते ठाव न्हवतं. तोडून लिहिलं ते इसर. कानातलं यंत्र तांदळाच्या डब्यातच हाय, पण डबा मातीखालून धड निघालाय. लावून बघीन म्हणतो.

आम्ही सध्या खळ्यावरच्या शेडात ऱ्हायलोत. तुझी आई चूल बाहेर मांडून दिवसभर माझ्यावर डाफरते, म्हणजे ती बरी हाय. मगर पिंकीनंच घातली हुती, मी न्हाई. आता तिनं मगरीला बी नदीतून बाहेर काढलीय.

आज दुपारी पिंकी घामानं भिजून उठली अन् माझ्यापुढं येऊन रडायली. आज्या, पत्रा लई तापतोय, आपल्या थंड घरात जाऊ म्हणली. मी तिला म्हणलो, तापू दे.

आशीर्वाद.

तुझा अप्पा